अडुसष्टची खूण

मे महिन्यात इंदूरला माळ्यावर चढणं म्हणजे शिक्षाच. वर तापलेला पत्रा, खालच्या पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही, आणि ज्या खोक्यात हात घालावा त्यात कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. तरी दरवर्षी चढतो. तिथं एका लांबट पेटीत माझी मासे पकडायची चार तुकड्यांची काठी, दोन रिळं, पिसांच्या बनावट माश्यांच्या डब्या आणि टूथब्रश ठेवायची एक जुनी प्लॅस्टिकची डबी असते. डबीत कापसात गुंडाळलेला वीतभर लांबीचा काचेचा थर्मामीटर आहे. तो नानांचा. एका बाजूला फॅरनहाइट, दुसऱ्या बाजूला सेल्सिअस, आणि अडुसष्टच्या रेघेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. नेलपॉलिश आत्याचं. कॉलेजात जाणाऱ्या आत्यानं ते घरच्यांपासून लपवून आणलं होतं. नानांनी नेमकं शोधून काढलं, आणि रागावायचं सोडून त्याचा एक ठिपका थर्मामीटरला लावला. आत्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, पण या विषयावर अजून बोलू शकते.

नाना, म्हणजे माझे वडील, फोटोग्राफर. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर स्टुडिओ. पुढच्या खोलीत बंगल्याचा जिना आणि फुलांची कुंडी रंगवलेला पडदा, मागे न्हाणीघराएवढी डार्करूम. इंदूरच्या मराठी घरांतल्या किती मुलींचे ‘दाखवायचे’ फोटो त्या रंगवलेल्या जिन्यापुढे निघाले याची मोजदाद नाही. माझं काम बर्फ आणायचं.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायचं रसायन, म्हणजे डेव्हलपर, अडुसष्ट अंश फॅरनहाइटला वापरायचा, सेल्सिअसमध्ये २०. कोणती फिल्म किती मिनिटं, याची तक्ती त्याच आकड्यावर बेतलेली असायची. ज्यांनी तो आकडा ठरवला त्यांच्या नळाला मे महिन्यातलं इंदूरचं पाणी येत नसणार. आमच्याकडे तेव्हा यशवंतसागर तलावाचं पाणी यायचं. नर्मदा शहरात आली १९७८ मध्ये. पाणी कुठलंही असो, गच्चीवरच्या टाकीत उतरलं की दुपारी हात भाजेल असं. मग मी सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेला बर्फ बांधून आणायचो. निम्मा वाटेतच माझ्या मागच्या रस्त्यावर ठिबकून जायचा. नाना घमेल्यात बर्फ फोडून त्यात डेव्हलपरची बाटली उभी करायचे आणि थर्मामीटर बुडवून पाऱ्याकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक आलं तरी उठायचे नाहीत. “पारा उतरू दे” म्हणायचे. पारा जास्त असला तर फिल्मवर दाणे सुटतात, काळं आणि पांढरं एकमेकांच्या अंगावर धावून येतं. फार खाली गेला, तेरा सेल्सिअसच्या आसपास, तर डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन हे द्रव्य झोपून जातं आणि चेहरा आजारी माणसासारखा फिका उमटतो.

त्या ठिपक्याची एक गंमत होती. डार्करूममधला दिवा लाल. लाल उजेडात लाल ठिपका दिसतच नाही. ज्या कामासाठी आत्याची बाटली जप्त झाली, त्या कामाला तो ठिपका कधी आलाच नाही, कारण दिवा लावून तपमान बघायचं तर आकडा तसाही वाचता यायचा. “फुकट नासलंत ना माझं?” असं आत्या नानांना त्यांच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाली होती. नाना हसले होते.

मी स्टुडिओ चालवला नाही. विजेच्या खात्यात लागलो. रंगीत फोटोंच्या लॅब गल्लोगल्ली झाल्या आणि १९९८ मध्ये नानांनी स्टुडिओ बंद केला. हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. एके दिवशी कुलूप लावलं आणि पोहे खाऊन घरी आले.

२००६ च्या जूनमध्ये बायकामुलांना घेऊन हिमाचलात गेलो. इंदूरहून दुपारची मालवा एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाला, तिथून चंडीगड, बिलासपूर, मंडी करत बस, आणि औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरून बंजारची दुसरी गाडी. तीर्थन ही बियासला मिळणारी नदी. सैंज आणि ती, दोघी लारजीला बियासच्या पदरात येतात. वरचं तिचं पाणलोट ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये येतं, त्याला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आम्ही गेलो तेव्हा तिथं इतकी गर्दी नव्हती. ज्या घरात उतरलो त्याच्या मालकानं चौथ्या दिवशी, मी पत्ते पिसून कंटाळलेला बघून, माझ्या हातात एक काठी दिली आणि मत्स्य विभागाचा एक दिवसाचा परवाना काढून आणला.

मासेमारी मी आयुष्यात केली नव्हती. आमच्या घरात मासा शिजत नाही. चतुर्थीला कांदा वर्ज्य असलेलं घर. पण फ्लाय फिशिंग मी पाहिलं आणि मला डार्करूम आठवली. तेच ते एका जागी उभं राहणं, तीच न दिसणाऱ्या गोष्टीकडे लागलेली नजर, आणि मग अचानक पाण्यातून काहीतरी वर उमटणं. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, त्या वजनानं दोरी लांब जाते. इथं गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी, वजन जवळजवळ नाहीच. वजन असतं ते दोरीला. जाड दोरी हवेत मागे-पुढे उलगडत न्यायची, तिच्या टोकाला निमुळता लीडर, त्याच्या टोकाला केसासारखा टिपेट, आणि त्याच्या टोकाला ती माशी. पहिले दोन तास मी मागचं देवदाराचं झाड पकडलं.

तिसऱ्या तासाला, खाली खोऱ्यात, भर दुपारी, ट्राउट जातीचा एक मासा लागला. ब्राऊन ट्राउट, हातभर नाही पण वीतभराहून बराच मोठा, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळं कडं. मी त्याला खूप वेळ खेळवला, कारण लवकर कसं आणायचं ते माहीत नव्हतं. मग कडेच्या उथळ, कोमट पाण्यात आणला, उचलला, आणि फोटोग्राफरचा मुलगा असल्यामुळे एक फोटो काढवून घेतला. उजेड मागून येत होता म्हणून वळून दुसरा. मुलीनं बोट लेन्सवर ठेवलं म्हणून तिसरा. मग सोडला. तो दोन हात पुढे गेला, तिरका झाला, आणि पांढरं पोट वर करून धारेला लागला. घरमालक काही बोलला नाही. त्यानं पुढे जाऊन तो उचलला आणि संध्याकाळी त्याच्या घरी तो शिजला, एवढंच.

इंदूरला आल्यावर नानांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाजवळ नेऊन, दाणे बघावेत तसा बघितला. म्हणाले, “फोटो बरा आहे. मासा कसा आहे?”

मी म्हटलं, “सोडला.”

त्यांनी फोटो परत दिला. २०११ मध्ये ते गेले, आणि मी त्यांना बाकीचं सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षांत हात बसला, पुस्तकं वाचली, चार जाणत्यांशी बोललो. त्यात एक नियम पुन्हा पुन्हा भेटायचा, की पाणी २० अंशांना पोचलं की ट्राउटला हात लावू नका, काठी गुंडाळा. अमेरिकेतले लोक तोच आकडा फॅरनहाइटमध्ये म्हणतात. अडुसष्ट. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून माळ्यावर चढलो. थर्मामीटर नानांच्या, फोटो मोठे करायच्या एन्लार्जरच्या खोक्यात होता.

दोन्ही अडुसष्टांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला कळतं. एक जिलेटिन आणि रसायनांचा हिशेब, दुसरा माशाच्या रक्ताचा. तरी दुसरा सांगतो, कारण मी त्याचं एक देणं लागतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० ला ९ च्या आसपास, ३० ला साडेसात. हे समुद्रसपाटीचे आकडे. डोंगरात हवा विरळ, म्हणजे तिथं याहूनही कमी. आणि मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं आणि सगळी यंत्रणा जोरात चालायला लागते, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. एरवी कसंबसं भागतं. पण गळाला लागून दहा मिनिटं झुंजलेल्या माशाच्या स्नायूंत जे साचतं ते फेडायला त्याला पाण्यातून भरपूर प्राणवायू हवा असतो. कोमट पाण्यात तो मिळत नाही. पोहत गेलेला दिसतो आणि पुढच्या वळणावर, किंवा रात्री, मरतो. माझा निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी मेला.

त्यानंतर मी जूनऐवजी मेमध्ये जायला लागलो.

मे महिन्यातली तीर्थन ही दिवसाकाठी दोन नद्या असते. वर रात्री गोठतं, म्हणून पहाटे पाणी उतरलेलं, बाटलीच्या काचेसारखं हिरवट नितळ, आणि तळाचे गोटे मोजता येतात. दुपारी वरच्या बर्फावर ऊन पडतं. ते वितळलेलं पाणी तीर्थनकाठच्या गुशैणी गावापर्यंत यायला काही तास लागतात. तीनच्या सुमारास काठावरचे दगड एकेक करून बुडायला लागतात, रंग राखट होतो, आवाज जाड होतो. मी एक सपाट दगड ठरवून ठेवला आहे, त्यावर जेवणाचा डबा ठेवतो. डबा हलला की निघायचं. एका वर्षी डबा गेला.

पहाटेचं पाणी सुंदर, पण त्यात काही होत नाही. साडेसहाला मी थर्मामीटर दोरीला बांधून धारेत सोडतो, दगडाच्या सावलीत, तीन-चार मिनिटं. आठ अंश, कधी नऊ. हायड्रोक्विनोन झोपलेलं. मासा तळाशी, अंग चोरून. अशा वेळी निम्फ, म्हणजे किड्याच्या पाण्यातल्या अवस्थेची नक्कल, तळाला घासत नेली तर एखादा उचलतो. पण मी बहुतेक वेळा काठी खाली ठेवून दगड उलटत बसतो. प्रत्येक दगडाच्या पोटाखाली एक वस्ती असते. कॅडिस नावाच्या किड्याची अळी स्वतःच्या लाळेच्या रेशमानं वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधते आणि ते अंगाला लावून हिंडते. नळी बोटांत धरली तर आत डोकं खेचून घेते. मेफ्लायची पिल्लं चपटी, दगडाला चिकटलेली, बहुतेक तीन शेपट्यांची. स्टोनफ्लायला शेपट्या दोन, आणि तिला गार, स्वच्छ, खळाळतं पाणीच लागतं. ती दिसली की नदीची प्रकृती विचारायला दुसरीकडे जावं लागत नाही. मेफ्लाय पाण्यात कित्येक महिने, कधी वर्षभर काढते आणि मग पंख फुटून वर येते तेव्हा तिला खायला तोंडच उरलेलं नसतं. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस. विणीचं काम उरकायचं आणि पाण्यावर पडायचं.

हे सगळं ऊन पाण्याला लागायची वाट बघत असतं. दहा-साडेदहाला पारा अकरा-बाराला येतो. आधी एखादी माशी धारेवरून तिरकी उडते, मग चार, मग काठच्या झुडपावर त्यांचा थवाच डुलताना दिसतो, आणि मग डोहाच्या टोकाशी पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. पावसाचा थेंब पडल्यासारखं, पण एकच. ट्राउट वर आला. इथून पुढे दुपारी दोनपर्यंत, फार तर अडीच. महिन्याभराची तयारी, दोन दिवसांचा प्रवास, आणि हाती रोजचे साडेतीन-चार तास. पाऊस आला तर तेही नाहीत.

मासा कुठं असतो हे शिकायला मला फार वेळ लागला नाही, आणि त्याचं श्रेय सराफ्याला, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराला आहे. रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायचा तर गर्दीच्या मधोमध उभं राहून भागत नाही, रेटा घेऊन जातो. पार कडेला राहिलं तर द्रोण आपल्यापर्यंत येत नाही. गर्दी जिथून वाहते त्याच्या अगदी लगत, खांबाच्या आडोशाला, एक हात पुढे करून उभं राहायचं. ट्राउट तेच करतो. मोठ्या दगडाच्या मागे किंवा वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या शिवणीवर, तोंड प्रवाहाकडे करून, शेपटी जेमतेम हलवत. खाणं समोरून वाहत येतं. योग्य ते दिसलं की वीतभर बाजूला होऊन घ्यायचं आणि परत जागेवर.

तोंड प्रवाहाकडे, म्हणून आपण खालून, पाठीमागून जायचं. आणि वाकून. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं सगळं जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, प्रकाश वळल्यामुळे डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. खिडकीच्या कडेला वस्तू दबून चपट्या होतात. म्हणून काठावर ताठ उभा राहिलेला माणूस दिसतो आणि गुडघ्यावर बसलेला बऱ्याचदा सुटतो. १९०६ मध्ये रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं हे बघायला पाण्यात फोटोची प्लेट बुडवून कॅमेरा केला, आणि ‘फिश-आय’ हा शब्द तिथून आला. नानांच्या स्टुडिओत फिश-आय लेन्स नव्हती, तेवढे पैसे नव्हते. पण मे महिन्यात लग्नाचा मांडव एका फोटोत मावत नाही म्हणून ते पाटावर पाट ठेवून चढायचे ते मला आठवतं. मासा बिचारा बसल्या जागी सगळा मांडव बघतो.

माशी टाकणं म्हणजे अर्धंच काम. ती पाण्याच्याच वेगानं, आपल्या मर्जीनं वाहते आहे असं दिसलं पाहिजे. मधल्या वेगवान धारेनं दोरी ओढली की माशी पाण्यावर नांगर धरल्यासारखी रेघ मारत जाते, आणि तीर्थनचा ट्राउट असल्या माशीकडे बघून खाली जातो. यासाठी दोरी पडल्या पडल्या मनगटानं तिला वरच्या अंगाला एक उलटी कमान द्यावी लागते. दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांसाठी मी इंदूरला घराच्या गच्चीवर, लोणच्याच्या बरण्या चुकवत, सराव करतो. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं ‘काका, पतंग कुठंय?’ विचारतात.

माश्या मीच बांधतो. पेटीत एक बांगडीच्या डबीएवढी डबी आहे, तिच्यात कुणा म्हाताऱ्या छांदिष्टाकडून मिळालेली एक जुनी, सॅल्मनसाठीची विलायती माशी आहे. ती मी कधी पाण्यात टाकली नाही. तिच्या दोन्ही गालांवर काळसर पिसावर पिवळट-पांढरा, लाखेसारखा चकाकणारा थेंब आहे. ते पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. पचमढीच्या जंगलात पहाटे जो ओरडतो तोच. त्या एका थेंबासाठी या पक्ष्याची कातडी एके काळी बोटी भरून इंग्लंडला जात; पुढे आपल्याकडे निर्यातीवर बंदी आली आणि आज कायद्यानं तो संरक्षित आहे. माझ्या स्वतःच्या माश्यांना साध्या कोंबड्याचं पीस लागतं. त्याची व्यवस्था घरात कशी होते हे इथं लिहिणं सोयीचं नाही.

“हा साहेबांचा नाद,” असं आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ दरवर्षी म्हणतात. काठी, रीळ, ट्राउट तिन्ही साहेबांचं हे खरं. १८९९ मध्ये काश्मीरला आलेली ट्राउटची अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली जगली. कुल्लूत १९०९ मध्ये हॅचरी निघाली आणि तिथून या नद्यांत मासा सोडला गेला. पण गळ टाकून बसणं ही करमणूक साहेबांनी आणलेली नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं राजाच्या करमणुकींत तिला धरलं आणि ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदावर एक आख्खं प्रकरण घातलं. आणि परक्या मुलखातून आलेला, नंतर इथलाच झालेला मासा म्हणून ट्राउटला नावं ठेवायची तर होळकरांच्या फौजेमागून आलेल्या आम्हा माळव्यातल्या मराठ्यांनी जरा जपून ठेवावीत. अर्थात आमच्यासारखाच तोही निरुपद्रवी नाही. काश्मीरच्या ओढ्यांत मुळातला जो मासा आहे, ज्याला इंग्रजांनी स्नो ट्राउट म्हटलं पण जो कार्पच्या गोतावळ्यातला आहे, त्याच्या ताटातलं या पाहुण्यानं खाल्लं. मला ट्राउट आवडतो म्हणून हे झाकण्यात अर्थ नाही.

आमच्या दारातल्या नद्यांना थर्मामीटर लावायचा मोह मला आवरत नाही. महूच्या पुढे काळाकुंडच्या बाजूनं चोरल वाहते, तिथं फेब्रुवारीत मी सगळ्यात बारीक माशी टाकून चिलव्यांशी खेळतो. बोटाएवढा चंदेरी मासा, पण माशीवर येतो तो एखाद्या पोरट्यासारखा झडप घालत. मार्चनंतर तिथली धार तुटून डबकी उरतात. नर्मदेत मंडलेश्वरच्या घाटावर गेल्या एप्रिलमध्ये पारा एकोणतीस. आत्या शेजारी बसून कणकेच्या गोळ्या टाकत होती. तिच्या लहानपणी इथं पाण्यात शिरलं की बाडस पायाला लागायचे, असं ती सांगते. बाडस म्हणजे महाशीर. मध्य प्रदेशानं २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. त्याला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो, पावसात वर चढून तो अंडी घालतो, आणि आता नदी धरणाधरणांतून तळ्यांची माळ झाली आहे. आमच्या नळाला दिवसाआड येणारं पाणी याच नदीतून, जलूदहून पंपानं वर चढवलेलं, त्यामुळे मी कुणाकडे बोट दाखवायचं हा प्रश्नच आहे. त्या दिवशी आत्याच्या गोळ्या खायला पुष्कळ मासे आले. बाडस मला ओळखता येतो, त्यात नव्हता.

घाटावरच तिनं तिचा वार्षिक प्रश्न विचारला. “तू खात नाहीस. मग गळ टोचून छळतोस कशाला त्या जिवाला?”

मी सांगितलं की गळाचा काटा पकडीनं दाबून टाकलेला असतो, हात ओला करून धरतो, पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखतो आणि मला हवा लागायच्या आत त्याला पाण्यात ठेवतो. हिवाळ्यात ते अंडी घालतात म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं बंदीच असते. वीस अंशांना मी थांबतो.

“हे सगळं कसं ते सांगितलंस,” आत्या म्हणाली. “मी कशाला ते विचारलं.”

मला उत्तर आलं नाही. ते अजूनही नाही. निघायच्या दिवशी मी पाया पडलो तेव्हा म्हणाली, “माझं नेलपॉलिश सांभाळून ने.”

यंदा सुट्टीचं जमेना, जाणं मे संपता संपता झालं. वर हिवाळ्यात बर्फ कमी पडलं होतं, असं घरमालक म्हणाला. तोही आता म्हातारा झालाय. काठी मुलाच्या हातात, आपण फक्त परवाने आणि चहा. गुशैणीच्या आसपास गाड्यांची आणि तंबूंची इतकी दाटी की शेवटच्या दिवशी मी खाली, बंजारच्याही खाली सरकलो, जिथं खोरं रुंद होतं आणि नदी उन्हात पसरून वाहते. वीस वर्षांपूर्वी साधारण याच पट्ट्यात मी ते तीन फोटो काढले होते. नेमकी जागा ओळखू येत नाही. दोन पुरांनी नदीनं काठ बदलला आहे.

एका लांब डोहाच्या शेपटाशी सहा-सात मासे वर येत होते. एक मोठा, त्याच्या येण्यानं पाणी नुसतं फुगायचं, वर्तुळ नाही. पोलरॉइड चष्म्यातून त्याची सावली तळावर दिसत होती. माझ्या हातात काठी जोडलेली, टिपेटला कॅडिसच्या नकलेची माशी बांधलेली, वारा मागून. थर्मामीटर सोडला. उन्हातलं पाणी म्हणून जरा आत, धारेत सोडला, की काही खोट नको.

साडेएकोणीस.

म्हणजे ठिपक्याच्या खालीच. दुपारच्या झगझगीत उजेडात तो लाल ठिपका इतका ठसठशीत दिसत होता, आणि पारा त्याच्या पोटाला टेकलेला. अर्ध्या अंशाची सवलत घ्यायला काय हरकत आहे, असं मनात आलं. एकच टाकायची. लागला तर लवकर आणायचा, आता येतं आपल्याला. मोठा पुन्हा फुगला.

मी काठी दगडाला टेकवून बसलो. घरमालकाचा मुलगा वरच्या अंगाला होता, तो दगडांवरून उड्या मारत आला आणि डोहाकडे हात करून म्हणाला, “अंकलजी, इतने सारे उठ रहे हैं, और आप बैठे हो?”

“बरफ की राह देख रहा हूँ,” मी म्हटलं.

त्यानं वर आकाशाकडे बघितलं. मग थर्मामीटरकडे, मग माझ्याकडे, आणि म्हाताऱ्यांना हो म्हणावं तसं हो म्हणाला. आम्ही थर्मासमधला चहा घेतला, सोबत इंदूरहून नेलेली लवंगेची शेव. त्याला ती तिखट लागली. मासे खात राहिले. मोठ्यानं एकदा अर्धं अंग बाहेर काढलं, सोनेरी पोट दिसलं.

बर्फ आलं ते पाचच्या पुढे. आधी आवाज बदलला. मग पलीकडच्या काठाची फेसाची रेघ इकडे सरकली आणि डोहाच्या तोंडाशी हिरव्यात राखट मिसळायला लागलं, ताकात पाणी घालावं तसं. मी थर्मामीटर पुन्हा सोडला. अठरा. दहा मिनिटांनी सतराच्या जवळ. पारा उतरला होता, नियमानं आता टाकायला हरकत नव्हती, आणि गढूळ पाण्यात आपली माशी तर सोडाच, हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. वर्तुळं केव्हाच थांबली होती.

मुलगा हसायला लागला. मीही. मग काठीचे चार तुकडे केले, काच पुसली, कापसात गुंडाळली आणि डबीचं झाकण लावलं.